खारपट्ट्यातील जुन्या यंत्रांच्या तेलनळ्या : गंजाची कारणे, तपासणी व दुरुस्ती

ठाणे जिल्ह्यातील शेतीची पुष्कळशी जड कामे आता यंत्रांच्या साहाय्याने होतात. शेततळे खोदणे, नाल्यातील गाळ काढणे, वरकस जमिनीचे सपाटीकरण करणे, खाडीकाठच्या बांधाला पडलेली खांड बुजविणे, ही कामे पूर्वी शेकडो माणसांच्या हातांनी होत असत. आज गावोगाव त्यांसाठी बॅकहो लोडर बोलावला जातो. जे. सी. बॅम्फर्ड या ब्रिटिश कारखानदारांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून या यंत्राला सर्वत्र ‘जेसीबी’ असेच म्हणतात. त्या कंपनीच्या यंत्रांचे उत्पादन भारतात हरियाणातील बल्लभगड येथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या संयुक्त उद्योगातून होऊ लागले. पुढे इतर कंपन्यांचीही तशी यंत्रे आली. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते हेच.

नवे यंत्र घेणे सर्वांना परवडत नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेली यंत्रे विकत घेऊन ती भाड्याने देण्याचा व्यवसाय शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुण करतात. अशी यंत्रे पुष्कळ वेळा मोठ्या भागाच्या झिजेमुळे नव्हे, तर एखाद्या गंजलेल्या नळीमुळे बंद पडतात. गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या नळ्या या बाबतीत विशेष नाजूक असतात. या लेखात त्यांची तपासणी व दुरुस्ती यांची माहिती दिली आहे.

वेळेचे महत्त्व

खाडीकाठच्या शेतकऱ्याला हा विषय किती जवळचा आहे, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. खारबांधाला खांड पडली तर ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असताना, बुजवावी लागते. ते दिवस हातचे गेले, तर पौर्णिमेच्या अगर अमावास्येच्या उधाणात खारे पाणी शेतात शिरते. लावणी झालेली असेल, तर भात जळते. शिवाय जमिनीत मुरलेले मीठ धुऊन जाण्यासाठी पुन्हा पावसाची वाट पाहावी लागते. भांगाचे दिवस थोडेच असतात. त्यांपैकी दोन दिवस यंत्र चिखलात तेल गाळीत उभे राहिले, तर होणारे नुकसान यंत्राच्या मालकाचे एकट्याचे नसून बांधाआड शेती असणाऱ्या सर्व खातेदारांचे असते.

नळ्यांचे कार्य

साध्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्सकडे जाते. बॅकहो लोडरला वारंवार पुढे-मागे व्हावे लागते, म्हणून त्यात बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या या बंद भांड्यात इंजिनाकडचे चक्र तेलाला फिरविते आणि ते फिरणारे तेल गिअरबॉक्सकडच्या चक्राला फिरविते. या घुसळणीत शक्तीचा काही भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. यंत्र चिखलात रुतून चाके जोर करीत असताना ही उष्णता सर्वांत अधिक असते.

ही उष्णता काढून टाकण्याकरिता तापलेले तेल एका नळीने पुढे रेडिएटरजवळच्या ऑइल कूलरकडे नेले जाते आणि निवलेले तेल दुसऱ्या नळीने गिअरबॉक्सकडे परत आणले जाते. परत आलेले तेल बेअरिंगांना व क्लचच्या चकत्यांना वंगण पुरविते. म्हणजे या दोन नळ्या एकाच वेळी गिअरबॉक्स थंडही ठेवतात आणि त्याला वंगणही मिळवून देतात. नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तरी पंप तेल ढकलीतच राहतो. चालकाच्या लक्षात येण्यापूर्वी तेलाची पातळी उतरते, क्लचच्या चकत्या घसरून जळतात आणि नळीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च गिअरबॉक्सवर करावा लागतो.

जुन्या साध्या जीपगाड्यांच्या गिअरबॉक्सला व जुन्या बहुतेक ट्रॅक्टरांना असा कूलर नसतो. तथापि त्यांच्या डिझेलच्या, ब्रेकच्या व पॉवर स्टिअरिंगच्या नळ्या याच रीतीने गंजतात. त्यामुळे गंजाची कारणे व तपासणी यांविषयी पुढे दिलेली माहिती त्यांनाही लागू पडते.

गंज का लागतो ?

या नळ्या पोलादाच्या असून त्यांची भिंत जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड असते. वरचा जस्ताचा पातळ मुलामा घासला जाऊन निघून गेला की पोलाद उघडे पडते. ठाणे जिल्ह्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि चार महिने यंत्राच्या पोटाखालचा भाग सहसा कोरडा होत नाही. त्यातच खाडीची भर आहे. उल्हास नदीत भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. ठाणे, भिवंडी व कल्याण या तालुक्यांच्या खाडीलगतच्या भागात काम करणाऱ्या यंत्राला लागणारा चिखल खारट असतो. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे असा चिखल लवकर वाळत नाही. आणि खाऱ्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहत असल्याने गंजण्याची क्रिया वेगाने चालते.

कारखान्यांच्या परिसरातील हवाही धातूला बाधते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत डोंबिवलीची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. आम्लयुक्त वाफा दवात अगर पावसाच्या पाण्यात विरघळून धातूवर बसतात, तेव्हा गंजाला आणखी जोर येतो.

सर्वांत फसवा गंज मात्र क्लिपखाली असतो. नळी जेथे चासीला क्लिपने बांधलेली असते, तेथे चिखल अडकून राहतो. त्या चिखलाखाली हवा पोचत नाही, बाहेरच्या कडेला मात्र ती मिळते. या फरकामुळे हवा न मिळालेल्या जागी धातू खोल खड्ड्यांच्या रूपाने खाल्ला जातो. बाकीची नळी चांगली दिसते आणि क्लिपखाली ती कागदासारखी पातळ झालेली असते. नळी जेथे रबराच्या वेढ्यातून आरपार जाते ती जागा, नटाच्या मागची जागा आणि नळी व रबरी होज यांच्या जोडाची जागा, ही अशीच तीन धोक्याची ठिकाणे आहेत.

पुराचे पाणीही विसरू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरात आणि २७ जुलै २०१९ रोजी, म्हणजे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली त्या दिवशी, उल्हासकाठचा मोठा प्रदेश जलमय झाला होता. अशा पुरात बुडालेल्या यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये हवा खेळण्याच्या छिद्रातून पाणी शिरते. मग नळी बाहेरून गंजते, तशीच ती आतूनही गंजू लागते.

तपासणी केव्हा व कशी करावी ?

वर्षातून दोन तपासण्या आवश्यक आहेत. पहिली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे पावसापूर्वी दुरुस्तीला पुरेसा अवधी असताना, दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारे धुऊन-पुसून पूजेला मांडण्याची रीत आहेच. हळदकुंकू वाहण्यापूर्वी यंत्राखाली बॅटरी घेऊन एकदा पाहावे, म्हणजे पूजा व तपासणी दोन्ही साधतील.

प्रथम यंत्र गोड्या पाण्याने धुवावे व वाळू द्यावे. क्लिपा सोडून त्यांखालची जागा तारेच्या ब्रशाने हलक्या हाताने साफ करावी. वरवरचा तांबूस गंज निघून खाली गुळगुळीत धातू दिसला, तर नळी सुस्थितीत आहे असे समजावे. खड्डे दिसले व त्यांत नख अडकू लागले, तर नळीचे आयुष्य संपले असे समजावे.

गळतीची जागा नेमकी कळत नसेल, तर कोरड्या नळीवर खडूची भुकटी शिंपडावी आणि इंजिन काही मिनिटे मंद गतीने चालू ठेवून बाजूला उभे राहून पाहावे. ज्या ठिकाणी भुकटी प्रथम ओली होईल, तेथे दोष आहे. तेल वाऱ्याने मागे उडत असल्यामुळे जेथून थेंब पडतो तेथेच छिद्र असते, असे मानू नये.

गळती हाताने चाचपून शोधण्याची सवय घातक आहे. कूलरच्या नळ्यांतील दाब कमी असला, तरी त्यांच्या शेजारून जाणाऱ्या हायड्रॉलिकच्या नळ्यांतील दाब फार मोठा असतो. त्यांतून निघणारी बारीक धार कातडी भेदून तेल शरीरात घालते. जखम टाचणीएवढी दिसते व सुरुवातीस फारशी दुखतही नाही. परंतु उपचारास उशीर झाल्यास बोट अगर हात गमवावा लागतो. गळती पाहावयाची झाल्यास लांब पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. धार अंगात शिरल्याची शंका जरी आली, तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे व काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

नळीची निवड

नळी एकाच जागी गंजलेली असली, तरी शक्यतो ती संपूर्ण बदलावी. ज्या हवेत व ज्या चिखलात एक जागा खाल्ली गेली, त्याच हवेत व चिखलात बाकीची नळीही राहिलेली असते.

नवी नळी त्याच बाहेरील व्यासाची, विनाजोड पोलादी असावी. तांब्याची नळी वाकविण्यास सोपी म्हणून पुष्कळ जण ती बसवितात. पण सततच्या हादऱ्यांनी तांबे कडक होऊन त्याला चीर पडते. पाण्याच्या नळाचा जस्ती पाइपही निरुपयोगी होय. त्याच्या जस्ताचे कण सुटून तेलात जातात. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळाल्यास ती गंजाला चांगली दाद देत नाही व सहज वाकते.

दुसरा मार्ग पोलादी जाळीच्या हायड्रॉलिक होजचा आहे. मात्र ती यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाची व तपमानाची असावी आणि तिची दोन्ही टोके यंत्रावर दाबून बसविलेली असावीत. डिझेलची अगर पाण्याची रबरी नळी गरम तेलाने थोड्याच दिवसांत फुगते व फाटते. दुकानात जाताना जुनी नळी दोन्ही टोकांच्या नटांसह बरोबर न्यावी. नटाचे आटे व नळीच्या पसरट तोंडाचा कोन मूळच्यासारखाच पाहिजे. कोन जुळला नाही, तर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही.

दुरुस्तीची कृती

(१) यंत्र सपाट व टणक जागी उभे करावे. पुढचे बकेट व मागचा हात जमिनीवर टेकवावेत. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, किल्ली काढून घ्यावी व बॅटरीची ऋण तार सोडावी. उचललेल्या बकेटखाली कधीही काम करू नये.

(२) तेल निवू द्यावे. खाली रुंद घमेले ठेवावे. जोडांभोवतीची जागा पुसून घ्यावी, म्हणजे माती आत जाणार नाही.

(३) गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारे तेल आदल्या रात्रीच टाकून ठेवावे. नट सोडताना कूलरकडचा जोड दुसऱ्या पान्याने घट्ट धरावा. बऱ्याच यंत्रांचे कूलर ॲल्युमिनियमचे असतात. जोड पिळला गेल्यास कूलर फुटतो आणि लहान दुरुस्तीची मोठी होते. नटावर गॅसची ज्योत मारू नये. तेलाने माखलेल्या जागी आग लागण्यास वेळ लागत नाही.

(४) सुटलेल्या तोंडांना लगेच स्वच्छ बुचे बसवावीत. चिंधी कोंबू नये, कारण तिचे धागे आत राहतात.

(५) नवी नळी जुन्या नळीशेजारी ठेवून, वाकविण्याच्या अवजाराने तीच वळणे द्यावीत. नळी वळणावर चेपली गेली, तर ती टाकून द्यावी. आत वाळू भरून वाकविण्याची जुनी रीत येथे चालत नाही. राहिलेला एक कणही बेअरिंगला पुरेसा होतो.

(६) नळी चाकाच्या कटरने कापावी. करवतीने कापल्यास बुरा आत जातो. कापलेल्या तोंडाची आतील धार काढावी, नट आधी नळीत ओवावा व मगच तोंड पसरावे. नट ओवण्याचे विसरल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते. शेवटी नळी आतून स्वच्छ करावी.

(७) दोन्ही टोकांचे नट प्रथम हातानेच फिरवावेत. ते सहज बसले, तरच पाना लावावा. नळी ओढून-ताणून बसवावी लागत असेल, तर वळण चुकले आहे असे समजावे.

(८) क्लिपांच्या आत रबर घालावे. नळी सायलेन्सरपासून व फिरत्या दांड्यापासून दूर राहील आणि इंजिनाच्या हालचालीने ताणली जाणार नाही, अशी बांधावी.

तेल भरणे व चाचणी

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. ‘तेल ते तेल’ असे म्हणून साधे गिअर ऑइल ओतण्याने क्लचच्या चकत्यांचे नुकसान होते. जुने तेल दुधासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. अशा वेळी केवळ नळी बदलून भागत नाही. सर्व तेल व फिल्टर बदलावे आणि पाणी कोठून आले ते शोधावे. कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसविलेला असेल, तर तो आतून फुटला नाही ना, हेही तपासावे. तेलाला जळका वास असेल व ते काळपट झाले असेल, तर चकत्या तपासून घेतल्याशिवाय यंत्र कामाला लावू नये.

इंजिन मंद गतीने चालू करून नवे जोड पाहावेत. तेलाची पातळी काही यंत्रांत इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून पाहावयाची असते. त्यासाठी पुस्तिका पाहावी. यंत्र तापल्यावर मोकळ्या जागेत थोडे पुढे-मागे चालवावे व पातळी पुन्हा पाहावी. सुमारे दहा तासांच्या कामानंतर जोड आणखी एकदा तपासावेत.

पुन्हा गंज लागू नये म्हणून

नवी नळी बसविण्यापूर्वी तिच्यावर जस्तयुक्त प्राइमर व त्यावर रंगाचा हात द्यावा. क्लिपखालची जागा विसरू नये. खाऱ्या चिखलात काम झाले की त्याच संध्याकाळी यंत्र खालून गोड्या पाण्याने धुवावे. यास अर्धा तास लागतो. परंतु या अर्ध्या तासाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. यंत्राच्या पोटाला डिझेल अगर जळके ऑइल फासण्याची प्रथा सोडावी. त्यावर धूळ चिकटून थर बसतो, रबरी भाग फुगतात आणि पावसात ते सर्व तेल शेतात उतरते.

निघालेले तेल ओहोळात, विहिरीजवळ अगर बांधावर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. शेतात तेल सांडले, तर त्यावर लाकडाचा भुसा अगर भाताचे तूस पसरावे, तेल शोषले गेल्यावर वरच्या मातीसह ते उचलावे आणि पाटाचे पाणी तोवर अडवून धरावे.

शेतकऱ्यांच्या काही शंका

*काम अर्ध्यावर असताना नळी फुटली, तर गंजका तुकडा कापून मध्ये रबरी होज घालता येईल काय ?* यंत्र शेतातून बाहेर काढण्यापुरते हे करता येते. होज गरम तेलास टिकणारी असावी, नळीच्या कापलेल्या टोकांना उंचवटा काढलेला असावा व प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात. उंचवटा नसेल, तर होज दाबाने निसटते. हा उपाय कूलरच्या नळीपुरताच आहे. ब्रेकच्या अगर हायड्रॉलिकच्या नळीला तो कधीही करू नये. तेथे प्राणाशी गाठ असते.

*छिद्रावर एपॉक्सीची लांबी अगर सायकलच्या ट्यूबची पट्टी लावल्यास ?* तेलकट व तापणाऱ्या नळीवर लांबी नीट धरत नाही आणि रबराची पट्टी गरम तेलाने मऊ पडते. शिवाय गळती झाकली जाते व चालक निर्धास्त होतो. उघडी गळती दिसते तरी. झाकलेली गळती गिअरबॉक्स जळाल्यावरच समजते.

*वेल्डिंग केल्यास ?* गंजाने पातळ झालेल्या भिंतीला वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारीच नवे छिद्र पडते व आत खपली सुटते. तेल भरलेल्या नळीवर वेल्डिंग करणे आगीस निमंत्रण देण्यासारखे आहे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

मे महिन्यातील ग्रामसभेपूर्वी किंवा नंतर, गावातील यंत्रमालक, चालक व मिस्त्री यांना एका यंत्राजवळ एकत्र आणावे. एक क्लिप सोडून तिच्याखालचा गंज सर्वांना प्रत्यक्ष दाखवावा. कापलेल्या गंजक्या नळीचा तुकडा हाती दिला, तर लांब भाषणाची गरज उरत नाही. खारबांधाच्या कामासाठी यंत्र भाड्याने ठरविताना भाड्याबरोबरच कूलरच्या नळ्या पाहून घ्याव्यात आणि भांगाच्या दिवसांपूर्वीच त्या पाहाव्यात. जवळच्या बाजारात होज दाबून देणारे दुकान कोठे आहे व ते केव्हा उघडे असते, याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी.

थोडक्यात, क्लिप सोडून पाहावे, खड्ड्यात नख अडकले की नळी बदलावी, ठिगळावर विसंबू नये व खारा चिखल रात्रभर यंत्रावर राहू देऊ नये. एवढे पथ्य पाळल्यास जुने यंत्रही पुष्कळ वर्षे साथ देते आणि उधाणाच्या आदल्या दिवशी बांधावर उभे असलेले यंत्र कामाचे ठरते.